इंजिन राहू द्या, आधी गाडीखाली बघा

पत्र

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दर खेपेला भाड्याचा टेम्पो शोधण्याचा कंटाळा आला म्हणून गेल्या आठवड्यात २०१८ ची बीएस-४ डिझेल पिकअप घेतली. मीटरवर ९४ हजार किलोमीटर आहेत. आधीचा मालक मार्केट यार्डात कांदा आणायचा. मी गाडी चालवत नाही, धाकटा भाऊ चालवणार. मिस्त्री म्हणतो, "लगेच हाफ इंजिन करून घ्या आणि मागे एकेक पाटा (स्प्रिंगची लोखंडी पट्टी) वाढवू." भाऊ म्हणतो, ऑइल बदललं की झालं. हातात ४५ हजार रुपये आहेत आणि पुढच्या महिन्यात पुण्याला माल पोचवायचाय. आधी काय करू? आणि गॅरेजमध्ये गेलं की सगळे भावाशीच बोलतात, मला कोणी काही सांगत नाही.

– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर

ताई,

भावाचं अर्धं ऐका आणि मिस्त्रीचं सध्या काहीच ऐकू नका. ऑइल बदलायचंच आहे, पण तेवढ्यावर भागणार नाही. आणि हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन अर्धं उघडून झिजलेले भाग बदलण्याचं म्हणाल, तर मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा: "कशावरून?" काहीही न मोजता, गाडी कांद्याची होती एवढ्यावरून इंजिन उघडायला निघालेल्या माणसाकडे गाडी सोडू नये. जुनी गाडी घेतली की प्रत्येकाला काळजी इंजिनची. पिकअपचं डिझेल इंजिन, ऑइल-पाणी वेळेवर मिळालं असेल तर, मालाची गाडी म्हणून निवांत चालतं. मार बसलेला असतो तो खाली: ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, टायर. तुमचे ४५ हजार आधी तिथे जायला हवेत.

तरी इंजिनची शंका मनातून जावी म्हणून तीन गोष्टी घरीच बघा, त्याला पान्याची गरज नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करायची, बॉनेटवर हात ठेवून ती खरंच गार आहे याची खात्री करून. एका-दोन सेल्फमध्ये लागली पाहिजे. पहिल्यांदा थोडा धूर आला तर घाबरू नका. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थांबत नसेल तर इंजेक्टरमधून (डिझेल फवारणारा भाग) डिझेल न जळता येतंय किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जातंय. चढाला काळा धूर मारत असेल तर बहुतेक वेळा हवा कमी पडतेय, एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप आधी बघायचे. दुसरी गोष्ट, इंजिन गरम होऊन जागेवर चालू असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून तिथेच सैल ठेवायला भावाला सांगा. थोडी वाफ चालेल. धूर भकाभका येऊन झाकण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगांची झीज आहे असं समजा. तिसरी गोष्ट ऑइलची दांडी. ऑइल काळं आहे म्हणून कोणी भीती घातली तर हसून सोडून द्या. डिझेल इंजिनात नवं ऑइलही लवकरच काळं पडतं. ते दुधाळ दिसलं, किंवा पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर मात्र गंभीर आहे.

यातलं काही आढळलं तरी लगेच इंजिन उघडायचं नाही. आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) आणि पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडून इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (किती डिझेल परत जातं ते मोजणं). दोन्हींचे आकडे कागदावर लिहून घ्या. आकडे वाईट निघाले तर हाफ इंजिनचा विचार करू, आणि तेव्हा गाडी विकणाऱ्याशीही बोलता येईल. एक जपायचं: गाडी चालू असताना इंजेक्टरचे पाइप सैल करून "कुठला सिलिंडर मारत नाही" ते बघायची जुनी पद्धत या गाड्यांवर करू देऊ नका. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामाईक नळी) डिझेलचा दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. ती धार कातडी फोडून आत शिरते, हात जायची वेळ येते.

मीटरच्या ९४ हजारांवर फार विसंबू नका. यार्डाच्या खेपा करणाऱ्या गाडीला एवढ्या वर्षांत हा आकडा कमी वाटतो. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची पकड, ड्रायव्हरच्या सीटची कड, हे बघितलं की अंदाज येतो. गाडी कधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली असेल तर चासी नंबरवरून जुनी नोंद निघते, त्यात त्या दिवशीचं किलोमीटर लिहिलेलं असतं. नोंद नाही सापडली तरी बिघडत नाही. मागचं काहीच झालेलं नाही असं धरून चालायचं.

आता पाट्यांचं बोलू, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. कांदा भरणाऱ्यांनी गाडीला आधीच एखादा पाटा वाढवलेला असण्याची शक्यता दाट आहे. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा, कंपनीच्या पुस्तिकेत किती दिलेत त्याच्याशी ताडून बघा. एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा नवा किंवा वेगळ्या रंगाचा दिसला तर उत्तर मिळालं. तुमचा मिस्त्री त्यावर आणखी एक चढवायला निघालाय.

पाटा वाढवला की वजन जास्त घेता येतं, असा समज आहे. गाडी बसत नाही एवढंच खरं. ॲक्सल, चासी, ब्रेक, टायर आहेत तेवढ्याच ताकदीचे राहतात. त्यातही ब्रेकची गोम अशी की बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलच्या वर, चासीला, एक लहानसा व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून निघालेली सळई ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू नये. पाटे कडक केले की भरलेली गाडीही बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक अर्धामुर्धा लागतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, गाडी थांबायला अंतर जास्त घेते. काही गाड्यांत ही सळई तारेने वर बांधून ठेवलेली सापडते. मग उलटं होतं, पावसात रिकामी गाडी ब्रेक दाबताच मागून घसरते. गाडी रॅम्पवर घेतली की ही सळई दाखवायला सांगा. ती जागेवर, मोकळी आणि न वाकलेली हवी. पाटे मूळ संख्येवर आणा. तुटलेला किंवा सरकलेला पाटा, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, शॅकलचे बुश हे सगळं त्याच वेळी पाटेवाल्याकडून होऊन जाईल.

आणि तुम्हाला वजन हवंय कशाला? टॉवेलचे गठ्ठे जागा खातात, वजनाला कांद्याच्या पोत्यापुढे काहीच नाहीत. तरी एकदा गाडी रिकामी वजनकाट्यावर चढवा. हौद्याला लोखंडी पत्रे, जादा अँगल लावलेले असले तर गाडीचं रिकामं वजन आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त भरतं. आरसीवरच्या एकूण वजनातून काट्यावरचं वजन वजा करा, त्यातून ड्रायव्हर आणि सोबतच्याचं वजन काढा, उरेल तेवढाच माल.

ब्रेकची तपासणी तुम्ही स्वतः सीटवर बसून करू शकता. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि भावाला किल्ली फिरवायला सांगा. इंजिन लागताच पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा व्हॅक्यूम पंपात दोष आहे. मग इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट पेडल दाबून धरा. हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती आहे. एवढं करून मिस्त्रीकडे गेलात आणि "पेडल खाली सरकतंय, मास्टर सिलिंडर बघा" म्हणालात, की तो भावाकडे बघायचं थांबेल. चारही चाकं उघडून लायनर, व्हील सिलिंडरची गळती, ड्रमच्या आतली कड बघायची. ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ओलावा भरलेलं ऑइल घाट उतरताना उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं. ब्रेक ऑइल डॉट ३ प्रकारचं की डॉट ४, हे त्याच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) कळतो, डावी-उजवीकडून हलवलं की टाय रॉडचा. हे करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणालाही खाली जाऊ देऊ नका, स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे हवेतच.

टायरवर नक्षी दिसली म्हणून समाधान मानू नका. बाजूला चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्टेपनीवर "१२१८" असं असेल तर ती २०१८ च्या बाराव्या आठवड्यातली, म्हणजे गाडीबरोबर आलेली. सोलापूरच्या उन्हात रबर आतून सुकतं, कडेला बारीक भेगा पडतात. नक्षी १.६ मिलिमीटरला येऊन खुणेला टेकली असेल तर टायर संपला. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर पुढे लावलेला असेल तर आजच काढा. हवा दाराच्या आतल्या स्टिकरवर दिल्याप्रमाणे, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची वेगवेगळी.

चासीवरही एकदा टॉर्च मारा, केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या हँगरजवळ. वेल्डिंगचा जोड दिसला तर चौकशी करा.

यानंतर थंडावा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर जातो, त्यात गाडी तापली की हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही, आणि मग खरंच इंजिन उघडावं लागतं. गार गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडून बघा, गरम असताना कधीही नाही. आतलं पाणी गंजाच्या रंगाचं असेल तर आधीच्या माणसाने बोअरचं पाणी भरत वर्षं काढली आहेत. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, तयार मिश्रणाचं मिळालं तर त्यात पाणी घालायचं नाही. होज पाइप दाबून बघा, कडक किंवा फुगलेले असतील तर बदला, फॅनच्या पट्ट्यासह. रेडिएटरच्या जाळीत कांद्याची टरफलं, पाचट, माती अडकलेली असणार, ती मागच्या बाजूने हलक्या पाण्याने काढायची. प्रेशर वॉशरने जाळी वाकते. कोणी "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापणार नाही" म्हणालं तर साफ नाही म्हणा. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह) नसला की इंजिन कधी नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त पितं आणि झिजतं. आधीच काढलेला आहे का, तेही विचारा. पुष्कळदा असतो.

बाकीचं पटकन सांगते. इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गिअर ऑइल, मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगचं ऑइल हे सगळं एकदम बदला आणि त्या दिवसाचं किलोमीटर वहीत लिहा, तुमच्या गाडीचा हिशेब तिथून सुरू. ऑइलची ग्रेड पुस्तिकेत बघून, दुकानदाराच्या सांगण्यावरून नाही. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी सोडायचा स्क्रू असतो, दर काही दिवसांनी थोडं सोडून बघायची भावाला सवय लावा. टाकीत पाणी गेलं तर इंजेक्टर जातात, आणि इंजेक्टर हा या गाडीच्या महागड्या भागांपैकी एक आहे. टायमिंगला पट्टा आहे की चेन तेही पुस्तिकेत बघा. पट्टा असेल आणि बदलल्याची पावती नसेल तर बदलून घ्या, तिथे काटकसर नको. सगळीकडे ग्रीस मारून घ्या. क्लच सोडताना खालून "टक्" आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेलाय. बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दाखवते, मीटर कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो.

किल्ली फिरवून इंजिन न लावता डॅशबोर्डकडे बघा. इंजिन, ऑइल, बॅटरी, सगळे दिवे आधी लागले पाहिजेत आणि गाडी चालू झाल्यावर विझले पाहिजेत. लागून विझत नसेल तर दोष आहे हे कोणालाही कळतं. पण इंजिनचा दिवा मुळात लागतच नसेल तर कोणीतरी तो काढून ठेवलाय, आणि ते जास्त वाईट. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. वाचल्यावर ते तिथल्या तिथे पुसू द्यायचे नाहीत, आधी लिहून घ्यायचे.

रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे खाली दोन-तीन पांढरे टॉवेल पसरा, कारखान्यात सेकंडचा माल असेलच. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा: पुढच्या मध्यावर काळा म्हणजे इंजिन ऑइल, रेडिएटरखाली हिरवट किंवा गुलाबी म्हणजे कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग म्हणजे ब्रेक ऑइल किंवा हाउसिंगचं सील. ब्रेकचा असेल तर गाडी हलवायची नाही. ते टॉवेल तसेच गुंडाळून मिस्त्रीकडे न्या, वादच होत नाही.

काम झाल्यावर पुण्याचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता धरण्याआधी तुळजापूरला जाऊन या. हौद्यात नेहमीएवढा माल भरून. घाट चढताना तापमानाचा काटा कुठे थांबतो, क्लच घसरतो का (इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही), गाडी काळा धूर मारते का, हे तुम्ही शेजारी बसून बघा. वर गेल्यावर लगेच इंजिन बंद करायचं नाही, टर्बो थंड व्हायला मिनिटभर जागेवर चालू द्यायचं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. खाली आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. देवीचं दर्शन होईल ते वेगळं.

गॅरेजवाले तुमच्याशी बोलत नाहीत म्हणता. पैसे तुम्ही देता, तेवढं पुरे आहे. काम सुरू करण्याआधी कागदावर यादी आणि दर, बदललेला प्रत्येक जुना भाग परत हातात, आणि नव्या भागाची पावती. या तीन अटी तुमच्या तोंडून येऊ द्या, भावाच्या नाही. जो मिस्त्री जुने लायनर दाखवायला कुरकुर करतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, सोलापुरात मिस्त्री कमी नाहीत.

कागदांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पत्रात त्यांचा उल्लेखच नाही म्हणून लिहिते. आरटीओत गाडी तुमच्या नावावर व्हायचा अर्ज खरेदीपासून ३० दिवसांत द्यायचा असतो, फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधीच्या मालकाकडून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ सह्या करून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. मालगाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असतं, तारीख बघा. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परमिट लागतं. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. जुनी चलनं ऑनलाइन तपासून विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. भावाकडे चारचाकीचं साधं एलएमव्ही लायसन्स असेल तर ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला तेच चालतं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. आणि विमा. तो तुमच्या नावावर करायला कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवायचं असतं, तुमचा एक आठवडा गेलाय. तेव्हा उद्या आधी विम्याचं काम, मिस्त्रीकडे दुपारी गेलात तरी चालेल.